शेत मोकळं, अंगण भरलेलं

रब्बीची ज्वारी खुडून झाली, हरभरा बडवून घरात आला, गहू मळून पोत्यात गेला, की कोरडवाहू महाराष्ट्रातलं शिवार पार उघडं पडतं. गुढीपाडव्याला सालगड्यांचे करार नव्याने होतात आणि तिथपासून जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागेपर्यंत पेरणी, खुरपणी, काढणी यांपैकी काहीच नसतं. राज्यातली लागवडीखालची सुमारे चार पंचमांश जमीन पावसाच्याच भरवशावर आहे. त्यामुळे हे अडीच महिने म्हणजे शेतकऱ्याची सक्तीची सुट्टी, असा समज सहज होतो. लग्नसराई, गावोगावच्या जत्रा, आखाजीला माहेरी आलेल्या लेकी आणि आंब्याच्या अढ्या बघून तो पक्काही होतो. पण हा समज अर्धवट आहे. पीक नसलं तरी या काळात पुढच्या हंगामाचं बी, वर्षाचं धान्य, डाळ आणि मसाला, जनावरांची वैरण, घराचं छप्पर आणि जमिनीची मशागत अशी सगळी तयारी पार पडते. आणि या साऱ्या कामांना लागणारी ऊर्जा एकाच ठिकाणाहून येते, ती म्हणजे वैशाखातलं ऊन. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने उन्हाळा हा प्रक्रियेचा हंगाम आहे. त्याचं इंधन फुकट मिळतं आणि त्यातली मजुरीही फुकटच धरली जाते, म्हणून तो कुठल्या हिशेबात येत नाही, इतकंच.

उन्हाळा म्हटलं की आपण पारा बघतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, जळगाव इथे तो 45 अंशांच्या घरात गेला की बातमी होते. वाळवणासाठी मात्र पाऱ्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व आहे हवेच्या कोरडेपणाला. धान्याचा दाणा हवेशी सतत ओलाव्याची देवघेव करत असतो आणि हवा जितकी कोरडी, तितक्या खालच्या पातळीवर ही देवघेव थांबते. एप्रिल-मेच्या दुपारी विदर्भ-मराठवाड्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. अशा हवेत पसरलेल्या गव्हातली ओल आठ-नऊ टक्क्यांपर्यंत खाली जाऊ शकते. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशीच्या वर गेली, की तोच गहू उघड्यावर ठेवल्यास पंधरा टक्क्यांच्या पुढे जाईल आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळेल. वर्षभर टिकवायचं धान्य बारा टक्क्यांच्या आत असावं लागतं. ही मर्यादा गाठायला निसर्ग जी खिडकी उघडतो ती उन्हाळ्यातलीच. आता थोडं गणित. एक क्विंटल गहू तेरा टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर आणायचा तर त्यातून साधारण साडेचार किलो पाणी उडवावं लागतं. त्याला तीन युनिट विजेएवढी ऊर्जा पुरते. या दिवसांत प्रत्येक चौरस मीटरवर रोज सहा युनिटच्या आसपास ऊन पडतं, म्हणजे दहा चौरस मीटरच्या खळ्यावर साठ युनिट. त्यातली मोठी ऊर्जा वाया जाते असं धरलं तरी इंधन मुबलक आहे. तुटवडा असतो तो धान्य पसरणाऱ्या, तासातासाने पायाने हलवणाऱ्या, कोंबड्या-चिमण्या हाकणाऱ्या आणि सांजेला गोळा करणाऱ्या माणसाचा. उन्हाळ्यातल्या कामाचं सगळं अर्थशास्त्र या एका गोष्टीभोवती फिरतं.

साठवणीतला बुरशीनंतरचा दुसरा शत्रू म्हणजे किडे. कडधान्यातला भुंगेरा बहुतेक वेळा शेतातूनच घरात येतो. मादी पिकत आलेल्या शेंगांवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि कोठीत गेल्यावर दाणा पोखरून भुंगेरा बाहेर पडतो. चवळीच्या भुंगेऱ्यावर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की दाण्याचं तापमान तासभर 57 अंश सेल्सिअसला राहिलं तर अंड्यापासून प्रौढापर्यंत त्याच्या सगळ्या अवस्था मरतात. काळ्या ताडपत्रीवर पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक झाकलं, तर मे महिन्यात हे तापमान गाठता येतं. नुसत्या अंगणात पसरलेलं धान्य तितकं तापत नाही. तरी मोठे किडे पळतात, दाणा कोरडा पडतो आणि कोरड्या दाण्यात किड्यांची पुढची वीण मंदावते. त्यानंतर गव्हाला एरंडेलाचा हात लावणं, कडधान्यात राख मिसळणं, कणगीत कडुनिंबाचा पाला घालणं या गोष्टी येतात. राखेचे कण किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात, त्याच्या शरीरातलं पाणी उडतं, शिवाय दाण्यांमधल्या फटी बुजल्याने त्याला हिंडायला जागा राहत नाही. तेलाच्या पातळ थराखाली अंडी गुदमरतात. मात्र धान्य आधी कडक वाळलेलं नसेल तर यातला एकही उपाय फार काळ पुरत नाही. आधी ऊन, मग राख, हा क्रम असा ठरलेला आहे.

बियाण्याच्या बाबतीत तर ओलाव्याचं महत्त्व आणखी वाढतं. अमेरिकी बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी मांडलेला एक ठोकताळा आजही शिकवला जातो. पाच ते चौदा टक्के या टप्प्यात बियाण्याची ओल एका टक्क्याने कमी केली, की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाणांच्या जतनासाठी 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्यासारख्या बायकांनी पिढ्यानपिढ्या मडक्यांत आणि कणग्यांत जे बी राखलं, त्यामागे हाच नियम काम करत होता. उन्हाचा वापर केवळ सुकवण्यापुरता नाही, तो औषधासारखाही होऊ शकतो, हे गव्हाच्या काणी रोगाने दाखवलं. या रोगाची बुरशी दाण्याच्या आत, अंकुरात दडून बसते, त्यामुळे बाहेरून औषध चोळून ती जात नसे. बी ठरावीक तापमानाच्या गरम पाण्यात बुडवण्याचा युरोपीय उपाय होता, पण तापमान जरा चुकलं की बीच मरायचं. 1930 च्या दशकात लायलपूरच्या कृषी महाविद्यालयातले जयचंद लुथरा आणि त्यांचे सहकारी यांनी सोपी वाट काढली. मे-जूनमधल्या एखाद्या कडक दिवशी सकाळी बी चार तास साध्या पाण्यात भिजवायचं आणि दुपारच्या उन्हात पातळ पसरून वाळवायचं. भिजल्यामुळे जागी झालेली बुरशी उन्हाच्या तडाख्यात मरते आणि बी शाबूत राहतं. थर्मामीटर, भट्टी, रसायन यांपैकी काहीही न लागता हे होतं. उन्हाळा संपता संपता करायचं बियाण्याचं आणखी एक काम म्हणजे उगवण तपासणं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याने मोड मोजायचे. सोयाबीनचे सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगं. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभरातून हजारो तक्रारी झाल्या होत्या. अशा वर्षी अंगणातल्या या साध्या चाचणीची किंमत लाखांत जाते.

आता स्वयंपाकघराकडे वळू. उन्हाळी वाळवणाकडे हौसेचा पदार्थ म्हणून बघण्याची सवय लागली आहे, पण त्यातल्या पायऱ्या पाहिल्या तर तो पक्का प्रक्रिया-उद्योग आहे. तुरीची डाळ घ्या. तुरीच्या टरफलाखाली डिंकासारखा चिकट थर असतो, त्यामुळे हरभऱ्यासारखी ती सहज भरडली जात नाही. म्हणून तूर भिजवायची, लाल माती किंवा तेल चोळायचं, ढीग करून मुरू द्यायची आणि मग दिवसचे दिवस उन्हात टाकायची. भिजताना चिकट थर सुटतो, वाळताना आतली डाळ आकसते आणि टरफल मोकळं होतं. मग जात्यावर भरडली की डाळ, चुणी आणि टरफल सुपात वेगवेगळं होतं. डाळ घरात जाते, चुणी गोठ्यात. लातूरच्या डाळमिलमध्ये यंत्रं आली, तरी ओल देणं, मुरवणं आणि सुकवणं ही साखळी मुळात तीच आहे. कुरडईची गोष्ट याहून बारकाईची. गहू तीन दिवस भिजत घालतात आणि पाणी रोज बदलतात. त्यात हलकी आंबण होते, दाणा फुगून मऊ पडतो. मग तो वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून पिळून काढतात. चोथा वर राहतो आणि पांढराशुभ्र चीक खाली उतरतो. रात्रभर ठेवल्यावर वर आलेलं निवळ पाणी ओतून द्यायचं आणि पहाटे तो चीक मिठाच्या उकळत्या पाण्यात हाटायचा. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे पिठूळ कण पाणी शोषून फुटतात, चीक अर्धपारदर्शक आणि लवचिक होतो. तो गरम असतानाच सोऱ्यात भरून पाडावा लागतो, कारण निवला की तार तुटते. ऊन चढायच्या आत कुरडया पडल्या पाहिजेत, म्हणून बायका पहाटे चारला चूल पेटवतात. वाळून काचेसारख्या कडक झालेल्या त्या तारेत थोडंसं पाणी अडकून राहतं. तापलेल्या तेलात तेच पाणी वाफ होऊन क्षणात फुगतं आणि मूठभर कुरडई ताटभर होते. नीट वाळली नाही तर बुरशी, अति वाळली तर फुलत नाही. हा तोल साधायला यंत्र नाही, बोटांनी तार मोडून बघण्याचा सराव आहे.

हेच ऊन शेतातही कामाला लावलं जातं. रब्बीचं पीक निघाल्यावर रानात थोडी ओल असतानाच खोल नांगरट करतात आणि ढेकळं तशीच उघडी ठेवतात. त्याने हरळी-लव्हाळ्याच्या मुळ्या वर येऊन सुकतात, जमिनीत दडलेले अळ्यांचे कोष आणि हुमणी उन्हाला व बगळ्या-कावळ्यांना उघडी पडते. मातीतले रोगजंतू उन्हाने मारता येतात हे प्रयोगाने सिद्ध करण्याचं श्रेय इस्रायलचे याकोव्ह काटान यांना जातं. त्यांनी 1976 मध्ये ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून ती तापवण्याची पद्धत मांडली. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, तेही याच कुळातलं. पाला, शेण, काटक्या पसरून जाळल्या की वरच्या थरातलं तणाचं बी मरतं आणि रोपाला राख मिळते. काळ्या मातीत आणखी एक गोष्ट घडते. वाळताना ती आकसते, तिला खोल भेगा पडतात आणि तिच्यातले सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणावर मरतात. पहिल्या पावसाने ती भिजली, की उरलेले जीव झपाट्याने वाढून सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि पिकाला घेता येईल असं नत्र एकदम मोकळं होतं. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी 1958 मध्ये हा परिणाम तपशिलाने नोंदवला. हे नत्र फार दिवस थांबत नाही, पुढच्या सरींबरोबर वाहून किंवा झिरपून जातं. त्यामुळे ज्याच्या रानाची कुळवणी झाली आहे, धसकटं वेचली आहेत, बी तपासून ठेवलं आहे, तो 75 ते 100 मिलीमीटर पाऊस होताच पेरतो आणि त्या नत्राचा धनी होतो. ज्याची तयारी पावसानंतर सुरू होते, त्याच्या हातून ते निसटतं. पऱ्हाटी उपटून रान साफ करण्याचंही तसंच. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातला कापूस उद्ध्वस्त केला, त्यानंतर फरदड, म्हणजे वेचणीनंतरचं लांबवलेलं पीक, घेऊ नका, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, असं कृषी विभाग सतत सांगत आला आहे, कारण अळीचा उन्हाळी मुक्काम त्या वाळक्या बोंडांतच असतो.

यावर पहिला आक्षेप मातीच्या अभ्यासकांकडूनच येतो. दरवर्षी खोल नांगरून जमीन तापवली तर सेंद्रिय कर्ब जळून जातो, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. बर्च यांनी नोंदवलेला नत्राचा लोट म्हणजे जमिनीच्या साठ्यातूनच काढलेली उचल असते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात तर नांगरणी, राब, चिखलणी हे सगळंच टाळून कायमच्या गादीवाफ्यावर भात घेतात. यातून इतकंच निघतं की ऊन हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. हरळी-हुमणीने ग्रासलेल्या रानात दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट उपयोगी, दरवर्षी ट्रॅक्टर घालण्याची सवय तोट्याची. मुळात उन्हापासून काय वाचवायचं याची जाण हा उन्हाळी ज्ञानाचा निम्मा भाग आहे. उन्हाळी कांदा काढला की पातीसकट असा लावतात, की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जावेत. पुढे तो सावलीतच सुकवून चाळीत भरतात, कारण थेट उन्हाने त्याची साल भाजते आणि तिथूनच सड लागते. सोयाबीनची साल इतकी पातळ, की तापलेल्या सिमेंटवर पसरलं किंवा पोतं आपटलं तरी उगवण घटते. तासगाव-सांगलीकडचा बेदाणा सावलीतल्या जाळ्यांवर, वाहत्या कोरड्या वाऱ्यात सुकतो, म्हणून त्याचा रंग टिकतो. उकिरड्यातलं शेणखत रानात छोटे ढीग करून आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवलं, तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. ते पावसाच्या तोंडावर पसरून लगेच मातीत मिसळावं लागतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. डाळ, पापड, शेवया, तिखट सगळं दुकानात मिळतं, बी कंपनीचं मिळतं, मग उन्हात घाम का गाळायचा? आक्षेपात तथ्य आहे. जिथे रोजगार मिळतो तिथे वाळवणं मागे पडली आहेत आणि त्यात हळहळण्यासारखं काही नाही. पण 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा अवघी 1.34 हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवरच्या घराला मार्चमध्ये ओली तूर विकून जूनमध्ये दुप्पट भावाने डाळ घेणं परवडत नाही. नीट वाळवलेलं धान्य थांबू शकतं आणि ज्याचं धान्य थांबू शकतं तोच भावासाठी थांबू शकतो. कोरडेपणा हा बाजारातही पैसाच आहे. सरकारी खरेदीत सोयाबीनची ओल बारा टक्क्यांच्या आत लागते आणि 2024 च्या नोव्हेंबरात ओल्या मालामुळे ती मर्यादा पंधरावर न्यावी लागली. सांगलीची हळद उकडून दहा-पंधरा दिवस उन्हात पडते तेव्हाच ती व्यापाराची वस्तू होते. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ती वर्षानुवर्षे टिकत असे, ती या कोरडेपणाच्याच जोरावर. 2005 च्या महापुराने त्यातली बरीच पेवं निकामी केली. आणि अंगणातल्या कसबाला बाजारात किंमत नाही, हे तर लिज्जतनेच खोटं ठरवलं. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्याकडे भांडवल होतं ते घराघरात उन्हाळ्यात मुरलेल्या हाताचं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. या साऱ्या गौरवात राबणारी बाई अदृश्य राहते आणि तिच्या कष्टाला परंपरा म्हणून मोकळं होता येतं. हे म्हणणं मान्य करावंच लागेल. देशभर झालेल्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, असं आढळलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. रोजगाराच्या राष्ट्रीय पाहणीत घर सांभाळणाऱ्या बाईला 92 हा संकेतांक मिळतो. ती सरपण, चारा, भाजी गोळा करत असेल किंवा घरच्यासाठी शिवणकाम करत असेल, तर 93. दोन्ही संकेतांक कामगारांच्या संख्येबाहेर ठेवले जातात. म्हणजे गिरणीत तूर भरडणारा माणूस कामगार, आणि मे महिन्यात अंगणात तीच तूर भिजवून, वाळवून, भरडणारी बाई बेरोजगारही नाही, श्रमशक्तीच्या बाहेरची. उन्हाळा रिकामा वाटण्याचं मुख्य कारण इथे सापडतं. पुरुषांच्या कामाचा हंगाम थांबला की आपण शेतीच थांबली असं समजतो. यावरचा उपाय वाळवणं बंद करण्यात नाही, ती मोजण्यात आणि हलकी करण्यात आहे. गावात सामायिक वाळवण-ओटा, दोन-चार गावांत मिळून छोटी डाळगिरणी, कुरडईचा चीक काढायला वाटणयंत्र, एवढ्यानेही पहाटे चारची चूल टळू शकते. आणि नाव फक्त पुरुषाचं असलेल्या सातबाऱ्याशेजारी या कामाची नोंद कुठे तरी व्हायला हवी, म्हणजे कर्ज, प्रशिक्षण आणि अनुदान तिच्यापर्यंत पोचेल.

उघड्यावर वाळवलेल्या मालात धूळ, माश्या, पक्ष्यांची विष्ठा येते, मिरचीसारख्या रंगीत पदार्थांचा रंग आणि जीवनसत्त्वं उन्हाने उडतात, हा आक्षेपही योग्य आहे. वाळवण अर्धवट राहिलं तर शेंगदाणे-मिरचीवर येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. त्यावर उत्तर आहे सौर वाळवणयंत्राचं. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत हवा तापते, माल झाकलेला राहतो आणि थेट किरण टाळता येतात. एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने अशी यंत्रं गावातल्या बायकांच्या हाती देऊन कांदा-टोमॅटो वाळवण्याचा व्यवसाय उभा केला. त्याला 2023 चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. झाकलेल्या यंत्राची गरज हवामानही वाढवत आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने रब्बी उभी झोपवली आणि त्यानंतर अवकाळी पावसाने खळ्यावरचा माल भिजणं ही दर एक-दोन वर्षांची गोष्ट झाली. दुसरीकडे उष्णतेच्या लाटा तीव्र होत आहेत, तेव्हा माणसाने दुपारी उन्हात उभं राहणं धोक्याचंच. जुनी शिस्तही तेच सांगत होती. काम पहाटे आणि सांजेला, दुपारी ऊन आपलं काम करील आणि माणूस माळवदाच्या जाड मातीखाली सावलीत असेल. पत्र्याच्या घरांनी ती सावली काढून घेतली आहे, याकडे आरोग्य खात्याइतकंच घरबांधणीच्या योजनांनीही पाहायला हवं.

शेवटचा आक्षेप असा, की पाणी आणलं तर उन्हाळ्यातही पीक निघेल, मग या तयारीचं कौतुक कशाला? पाणी असलेल्या रानात उन्हाळी भुईमूग, बाजरी, कलिंगड निघतंच. पण मे महिन्यात राज्याच्या आतल्या भागात उघड्या पाण्यावरून दिवसाला दहा मिलीमीटरच्या आसपास बाष्पीभवन होतं. दहा मिलीमीटर म्हणजे एका हेक्टरवरून एक लाख लिटर. सगळ्या शिवारात बारमाही पिकांचा हव्यास धरला तर भूजलाचं काय होतं, हे 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलेल्या लातूरने दाखवलं. त्यामुळे पावसावरच्या प्रदेशात जमिनीने अडीच महिने विसावणं हा आळस ठरत नाही, तो पाण्याचा हिशेब आहे. त्या विसाव्यातच तलावांचा गाळ काढून शेतात टाकता येतो. 2017 पासूनच्या गाळमुक्त धरण योजनेचा सगळा खटाटोप याच महिन्यांवर उभा आहे. कडब्याची गंजी रचणं, कौलं परतणं, कोकणात घर शाकारणं, आमसुलं आणि फणसाची साठं घालणं ही कामंही याच कोरड्या दिवसांत उरकतात. पाऊस पडल्यावर ती कितीही पैसे मोजून होत नाहीत.

तेव्हा धोरणातला दोष उन्हाळ्यात काही न घडण्याचा नाही, त्यात घडणाऱ्या गोष्टी न मोजण्याचा आहे. खरीप आणि रब्बीच्या नियोजनासाठी बैठका होतात, बियाणं-खतांचे आकडे ठरतात. उन्हाळ्यासाठी असा आराखडा आखायचा झाला तर त्यात चार गोष्टी सहज बसतील: प्रत्येक गावात स्वच्छ वाळवण-ओटा आणि ओलावामापक, बायकांच्या गटांना झाकलेली वाळवणयंत्रं, घरच्या बियाण्याची मे अखेरपर्यंत उगवण चाचणी, आणि या कामात जाणाऱ्या तासांची पाहण्यांत वेगळी नोंद. यापैकी एकाही गोष्टीला धरणाएवढा पैसा लागत नाही. जूनमध्ये पेरणी फसली की आपण पावसाला, बियाण्याला, बाजाराला दोष देतो. त्यातला बराच भाग मे महिन्याच्या अंगणात आधीच ठरलेला असतो, आणि तो ठरवणारे हात कामगारांच्या यादीत आले तर खरिपाची निम्मी जोखीम पाऊस यायच्या आधीच कमी करता येईल.